मला ब्लॉक करणाऱ्या वासंतीताई

वासंतीताई गेल्याचं मला लेलेकाकूंनी कळवलं. मंगळवार होता. खराडीच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि मी हात धुऊन जागेवर येत होते. लेलेकाकू म्हणजे ताईंच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे नाव दिसताच काय ते कळलं. "छाया, वासंती गेली गं," त्या म्हणाल्या. "सकाळी दुधाची पिशवी दाराशी तशीच होती. माझ्याकडच्या किल्लीनं आत गेले तर... झोपेतच गेली. डॉक्टर येऊन गेले, मुलाला कळवलं, आता तुला कळवतेय." मी "हो, येते" एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी दुपारी ताईंचा मेसेज आला होता. आकड्यांतले तीन इंटरनेट पत्ते आणि खाली, "हे बघून ठेव. घाई नाही." मी "उद्या बघते" असं उत्तर दिलं होतं. त्यांना सगळ्याचीच घाई असायची. "घाई नाही" हे शब्द त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. वासंतीताईंचं नाव या पुरवणीच्या वाचकांनी कुठे ऐकलेलं नसेल. टेलिफोन खात्यात परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून परदेशी गेला, आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणी भिशी आणि सहलींकडे वळल्या. या वळल्या इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाकडे. हा ज्ञानकोश कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा खुला आहे. आधी त्यांनी थोडं लिहिलं, मग इतरांचं शुद्धलेखन सुधारलं, आणि वर्षभरात तिथल्या मंडळींनी त्यांना प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे देखरेख करणारा, गरज पडली तर एखाद्याला बंदी घालू शकणारा. पगार नाही, मानपत्र नाही, शिव्या मात्र भरपूर. रोज सकाळी दहाला त्या चहा घेऊन संगणकापुढे बसत ते एकपर्यंत. मग चारनंतर पुन्हा. "मधल्या वेळात कुणी गोंधळ घातला तर?" असं मी एकदा विचारलं होतं. "एक ते चार पुण्यात गोंधळ घालणारेही झोपतात," त्या म्हणाल्या.

दार उघडं म्हटल्यावर घाण करणारेही आत येतात. कुणाच्या तरी चरित्रात शिवी लिहायची, जिवंत माणसाला मेलेला ठरवायचं, पानच्या पान पुसायचं... ताई ते पूर्ववत करत आणि ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या ज्या जोडणीच्या आकड्यावरून, ते झालं तो ब्लॉक करत. पण हुशार माणूस आपल्या पत्त्यावरून येतच नाही. तो प्रॉक्सीतून येतो. प्रॉक्सी म्हणजे मधला. आपण त्याला सांगायचं, त्यानं पुढे जायचं, आणि समोरच्याला फक्त त्याचा पत्ता दिसायचा. ताई हे ट्रंक कॉलवरून समजावत. "पलीकडच्याला ऑपरेटरचाच आवाज ऐकू येतो ना? कुठून बोलताय, कोण बोलतंय, ते आम्ही सांगू तेव्हा कळणार. आता अशी एक ऑपरेटर धर, जी सांगतच नाही." असे न सांगणारे, कुणालाही फुकट वापरता येणारे प्रॉक्सी शोधून काढायचे आणि तिथून होणारं लेखन बंद करायचं, हे काम हळूहळू त्यांचंच होऊन बसलं. किचकट होतं, म्हणून दुसरं कुणी करायला तयार नव्हतं.

माझी नि त्यांची ओळख अशीच झाली. त्यांनी मला ब्लॉक केलं.

मी मूळची वैनगंगेकाठची. माझे बाबा झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकं लिहायचे. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडप पडतात आणि रात्ररात्रभर नाटकं होतात. त्या नाटकांची हस्तलिखितं कुणी जपत नाही. बाबा गेल्यावर मी ज्ञानकोशात त्यांच्यावर एक लहानसं पान लिहिलं, नाटकांची यादी दिली. लग्न होऊन नागपूरला गेले होते तेव्हाची गोष्ट. त्या लग्नाबद्दल इथे फार सांगत नाही. एवढंच सांगते, की एके दिवशी सकाळी मी एका पिशवीनिशी तिथून निघाले आणि पुण्याला आले. कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळाली, एका संस्थेच्या महिला वसतिगृहात खाट मिळाली. मी कुठे आहे हे फक्त आईला माहीत होतं.

नवरा संगणकाच्याच व्यवसायातला. मला शोधता येईना तेव्हा त्यानं मला दुखवायचा दुसरा मार्ग काढला. बाबांच्या पानावर मजकूर येऊ लागला... की ही नाटकं चोरलेली आहेत, लेखक दारूत बुडालेला होता. मी ते पुसायचे, तो पुन्हा लिहायचा. माझं जुनं खातं त्याला माहीत होतं, म्हणून मी ते उघडत नव्हते. आणि खात्याशिवाय लिहिलं की आपला आयपी पत्ता पानाच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या नोंदीत, सगळ्यांना दिसतो, हे मला कळलं होतं. म्हणून वसतिगृहातल्या एका मुलीनं शिकवल्याप्रमाणे मी एक फुकटचा प्रॉक्सी वापरायला लागले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आता कायले लिहितेस वो बाई? बाबा का वाचाले येणार हायेत?" तिचं खरं होतं. पण माझ्याजवळ बाबांचं तेवढंच उरलं होतं.

गंमत अशी, की तोही प्रॉक्सीच वापरत होता. आणि दुर्दैव असं, की मी वापरत होते तोच. हे मला पुष्कळ नंतर ताईंनी सांगितलं. त्यांना दिसत होतं ते इतकंच. एकाच पत्त्यावरून कुणीतरी घाण लिहितं आणि त्याच पत्त्यावरून कुणीतरी ती पुसतं. त्यांना वाटलं, एकच माणूस दोन्ही बाजूंनी खेळतोय. त्यांनी तो पत्ता बंद केला. घाण नेमकी तेव्हा पानावर राहिलेली होती. मी त्यांना लिहिलं, की मला हे पान दुरुस्त करायचं आहे, मला याच मार्गानं यावं लागतं, कृपया परवानगी द्या. उत्तर आलं, "आपण कोण आहात ते सांगितल्यास विचार करता येईल." मी लिहिलं, सांगू शकत नाही. उत्तर आलं, "मग विचारही करता येणार नाही." तिसऱ्यांदा मी हातापाया पडल्यासारखं लिहिलं. त्यावर एकच ओळ होती, "तोंड झाकून येणाऱ्याला दार उघडण्याची येथे पद्धत नाही."

चार दिवस मी ते पान नुसतं बघत होते. पाचव्या दिवशी डोकं फिरलं आणि वसतिगृहाच्या संगणकावरून, थेट, मी ती चार वाक्यं पुसली. दोन मिनिटांचं काम. पण माझा पत्ता इतिहासात नोंदला गेला. तो पत्ता कुणाच्या नावावर आहे हे शोधणं त्याला अवघड नव्हतं. तो वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर होता. त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तर तो फाटकाशी उभा होता. "चल," एवढंच म्हणाला. मी पळत आत आले. आमच्या रेक्टर बाईंनी फाटकाला कुलूप घातलं, त्याच्याशी आतूनच बोलत राहिल्या आणि पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत तो निघून गेला. माझ्या अंगाला बोटही लागलं नाही. पण ती जागा मला सोडावी लागली, नोकरी सोडावी लागली, आणि पुढचं वर्षभर मी रस्त्यानं जाताना मागे बघत चालले.

खराडीला दोन मुलींबरोबर खोली घेतली तेव्हा मी एक नवा ईमेल पत्ता काढला आणि वासंतीताईंना पत्र लिहिलं. मागायचं काही नव्हतंच. घडलं ते क्रमानं लिहिलं, आणि शेवटी, "तुम्ही तीनदा नाही म्हणालात, म्हणून तुम्हाला माहीत असावं." तासाभरात उत्तर आलं. ते अजून माझ्याजवळ आहे. "तो आकडा मी इतिहासातून झाकला आहे. आता कुणाला दिसणार नाही. हे त्या आठ दिवसांतच व्हायला हवे होते. पान दुरुस्त करून कुलूप लावले आहे. आपल्याला भेटण्याची इच्छा आहे. आपण नाही म्हणालात तरी मी समजेन."

मी बरेच दिवस हो म्हटलं नाही. मग एका रविवारी त्या आल्या. कोथरूडहून खराडी, मध्ये बस बदलून, दीड-दोन तासांचा प्रवास. मी त्यांना एका लहानशा हॉटेलात बोलावलं होतं, जिथे कायम गर्दी असते. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी. बसताना त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली. मला वाटलं, आता या नियम सांगणार. चहा आला.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "कारणं आहेत माझ्याकडे. सांगत बसणार नाही."

मी माझा कप जवळ ओढला.

"नवीन खातं उघडा, टोपणनाव घ्या, म्हणजे पत्ता दिसणार नाही. एवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणाले.

"एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. समोरचा घाबरलेला आहे की मस्ती करतोय, हॅलोवरून ओळखायचे मी. तुमचं तिसरं पत्र वाचताना ओळखायला हवं होतं." त्यांनी कप उचलला नि परत ठेवला. "अक्षरांतून ऐकू आलं नाही मला."

मी रडले नाही. त्याही रडल्या नाहीत. जाताना त्यांनी पिशवीतून शंकरपाळ्यांचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "डबा परत करायची घाई नाही असं म्हणत नाही. स्टीलचा आहे." मला हसू आलं. तेव्हा कळलं, की पुष्कळ दिवसांत आपण हसलो नव्हतो.

तो डबा परत करायला मी कोथरूडला गेले, आणि मग जातच राहिले. त्या काळात ताई प्रचालकांच्या मंडळात भांडत होत्या. त्यांचं म्हणणं होतं, प्रॉक्सी बंद ठेवायचेच, पण ज्यांना खरोखर तोंड झाकून यावं लागतं त्यांच्यासाठी एक खिडकी हवी. खात्याला सूट द्यायची, म्हणजे प्रॉक्सी बंद असला तरी त्या माणसाला लिहिता येईल. बाकीचे म्हणत, हे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखं आहे. चर्चा काही महिने चालली. एकानं तर लिहिलं, की कालपर्यंत सगळ्यात कडक तुम्हीच होता, आज काय झालं? ताईंनी उत्तर दिलं, "काल मी चुकत होते. आपणही प्रयत्न करून पाहा." माझं नाव, माझी गोष्ट त्यांनी कुठेही वापरली नाही. ती वापरली असती तर भांडण एका दिवसात संपलं असतं. मी तसं म्हणालेही. "तुझी गोष्ट तुझी आहे," त्या म्हणाल्या. तोवर त्यांच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं.

खिडकी झाली. येणारी पत्रं त्या स्वतः वाचत. कुणी अशा देशात नोकरीला, जिथे असली संकेतस्थळं उघडतच नाहीत. कुणी आपल्याच गावातल्या पुढाऱ्याबद्दल खरं लिहू पाहणारा. एक मुलगी आपल्या आजाराबद्दलच्या पानावर लिहायची, घरच्यांना कळू नये म्हणून. लबाडही येत. एकाला सूट दिली आणि त्यानं दुसऱ्या दिवशी पंचवीस पानं खराब केली. ताईंनी ती एकेक करून सुधारली, दुखरी पाठ धरून. मी म्हटलं, "आता तरी बंद करा हे." त्या म्हणाल्या, "पंचवीस पानं दुरुस्त होतात गं..." वाक्य तिथेच थांबलं. पुढचं मला कळलं, आणि मीही विषय बदलला.

मला त्यांनी हे काम शिकवलं. पत्ता खरोखर प्रॉक्सीचा आहे का हे कसं तपासायचं, संशयावरून कुणाला कसं अडकवायचं नाही, बंदीला मुदत कशी घालायची. "कायमची बंदी घालू नको. आज प्रॉक्सी असलेला पत्ता वर्षानं एखाद्या शाळेकडे जातो." माझी कोर्टाची तारीख असायची तेव्हा त्या बाकावर येऊन बसत, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. ज्या दिवशी घटस्फोट मिळाला त्या दिवशी आम्ही खडकवासल्याला गेलो, धरणाच्या भिंतीजवळ भाजलेली कणसं खाल्ली. "आता उघड्या नावानं लिहिशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही." "बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय दमायला लागलं. दोनदा दवाखान्यात राहावं लागलं. जिने चढवेनात, पाय सुजत. मुलगा, अनिकेत, रोज फोन करायचा. तिकडे ये म्हणायचा. "तिकडे येऊन मी कुणाला ब्लॉक करू?" असं म्हणून त्या विषय टाळत. जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. मी मुगाची खिचडी केली, त्यांनी मीठ कमी म्हणून नावं ठेवली, मीठ त्यांना बंद होतं. मग एकाएकी म्हणाल्या, "त्या फाटकापाशी तो आला होता, त्या दिवशी तू कुठल्या रंगाचा ड्रेस घातला होतास?" मला आठवत होतं. पिवळा. पण मी विचारलं, "का हो?" "काही नाही. मला ते नेहमी दिसतं. रंग तेवढा दिसत नाही." इतकी वर्षं ही बाई ते फाटक मनात घेऊन बसली होती. मला त्यांचा हात धरून सांगायचं होतं, की ताई, ते फाटक माझ्यासाठी बंद झालं ते तुमच्यामुळे नाही, त्याच्यामुळे, आणि तुमच्यामुळे कितीतरी दारं उघडली. मी सांगितलं नाही. पिवळा, एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. आता वाटतं... पण आता वाटून काय उपयोग.

अनिकेत आला, दिवसकार्य झालं, बारा दिवस राहिला. जाण्याच्या आदल्या दिवशी आईच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यानं मला विचारलं, "आई इथे बसून नक्की करायची काय?" मी जमेल तसं सांगितलं. "म्हणजे वॉचमनचं काम?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हो. पण कुणाला आत सोडायचं हेही तीच बघायची." त्याला फारसं उमगलं नसावं. फ्लॅटला कुलूप लावून, किल्ली लेलेकाकूंकडे देऊन तो गेला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ऑफिसमध्ये बसल्या बसल्या त्याला आईनं लिहिलेलं काहीतरी वाचावंसं वाटलं. ज्ञानकोशात ट्रंक कॉलवरचं पान ताईंचं आहे, ते त्यानं उघडलं. त्यात एक ओळ घालावी म्हणून 'संपादन' दाबलं तर पान उघडेना. त्याच्या ऑफिसचं इंटरनेट एका बाहेरच्या प्रॉक्सीतून जातं, आणि तो बंद केलेला होता. पडद्यावर एक सूचना आली. ती त्यानं मला फोनवर वाचून दाखवली, अडखळत. मराठी वाचायची सवय राहिलेली नाही. "हा पत्ता अनामिक प्रॉक्सीचा असल्यामुळे येथून लेखन बंद ठेवले आहे. आपण काही चूक केली आहे असा याचा अर्थ नाही. आपल्याला याच वाटेने येणे भाग असेल तर मला लिहा. कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. मी वाचते. वासंती."

त्यानं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "आईनं मला बाहेर ठेवलंय."

"घरून केलंस तर होईल," मी म्हटलं. "तिथे प्रॉक्सी नसेल."

"नाही. मी तिला लिहिलंय, तिनं सांगितलंय तसं." मग त्यानं विचारलं, "ते आता कुणाकडे जातं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.

पत्र एका ओळीचं होतं. मी त्याच्या खात्याला सूट दिली. त्याच संध्याकाळी ट्रंक कॉलच्या पानावर त्यानं घातलेलं वाक्य दिसलं: "संध्याकाळच्या पाळीला असलेल्या काही ऑपरेटर बायका घरी फोन लावून मुलांचा परवचा फोनवरून घेत असत." याला संदर्भ काय? पुस्तक नाही, कात्रण नाही. नियमाप्रमाणे असं वाक्य काढून टाकायचं असतं, आणि ताईंनी ते पाच मिनिटांत काढलं असतं, खाली "संदर्भ द्या" असं लिहून. मी आता रोज ते पान उघडते. वाक्य अजून काढलेलं नाही.